ओटीजी दुरुस्तीची नोंदवही: खालचे रॉड, थर्मोस्टॅट आणि संध्याकाळचं व्होल्टेज

वस्तू: २८ लिटरचा ओटीजी (विजेचा घरगुती ओव्हन), पाटीवर २३० व्होल्ट, १५०० वॅट. वर दोन रॉड, खाली दोन. मुक्काम परभणी, काम एप्रिलात हाती घेतलं. तक्रार अशी की रोडगे वरून करपतात, आत पीठ कच्चं राहतं आणि वेळ दुप्पट लागतो.

पहिली संध्याकाळ, ओव्हन न उघडता

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी सॉकेट तपासायचं. संध्याकाळी साडेसातला मोकळ्या सॉकेटवर २०४ व्होल्ट होते. त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावली, तर १९२. व्होल्टेज मुळात कमी, हा लाइनीचा प्रश्न. पण लोड टाकल्यावर आणखी १२ व्होल्ट पडले, हा घरातला प्रश्न. इस्त्री तेव्हा साधारण ३.६ अँपियर घेते, म्हणजे वाटेत कुठेतरी ४३ वॅट उष्णता निघतेय. चारही रॉड चालले तर हाच आकडा नव्वदच्या पुढे जाईल.

जागा शोधायला हात पुरतो. इस्त्री दहा मिनिटं चालवायची, मेन स्विच पाडायचा, मग प्लग आणि बोर्ड चाचपायचा. इथे १६ अँपियरच्या प्लगला लावलेला कन्व्हर्टर (मोठा प्लग लहान सॉकेटात बसवायचा जोड) तापला होता. न्यूट्रलची पिन काळी पडलेली, आतली पितळी पट्टी ढिली. कन्व्हर्टर काढून टाकला आणि एमसीबीपासून थेट २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरवर १६ अँपियरचं सॉकेट बसवलं. आता इस्त्रीवर २०४ चे २०२ होतात.

हा हिशोब सगळ्यांनी वहीत लिहून ठेवावा: उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २०२ व्होल्टला १५०० वॅटचा ओव्हन जेमतेम ११५७ वॅट देतो, १९० ला १०२४. रॉड धडधाकट असतानाही ओव्हन 'मेलाय' असं वाटतं ते यामुळेच. आपल्याकडे संध्याकाळी मोजल्याशिवाय रॉड बदलायला घेऊ नका.

दुसरा दिवस: रॉड

प्लग सॉकेटमधून उपसून बाजूला ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तेव्हा ओव्हनचा सिलेक्टर (कोणते रॉड चालवायचे ते निवडायचं बटण) न्यूट्रल तोडतो आणि 'बंद' ओव्हनचा रॉड जिवंत राहतो.

मागचा आणि उजव्या बाजूचा पत्रा काढला. या मॉडेलमध्ये वरची जोडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली आहे, खालचीही. त्यामुळे एक रॉड तुटला की दोन्ही गार पडतात. ७५० वॅटच्या जोडीचा रेझिस्टन्स ७० ओहमच्या आसपास यायला हवा, थंड असताना थोडा कमी. मीटरच्या वायरींचे ०.३ ओहम वजा करून मिळालं ते असं: वरची जोडी ६८, खालची उघडी, म्हणजे कुठेतरी तुटलेली. एकेक थिंबल (वायरच्या टोकाची, पिनवर बसणारी धातूची टोपी) काढून रॉडच्या पिनवरच मोजलं, तेव्हा डावा ३४ आणि उजवा तुटलेला निघाला. थिंबलवर मोजलं तर फसगत होते. पुष्कळदा रॉड ठणठणीत असतो, थिंबल जळून सुटलेलं असतं.

उजव्या रॉडवर मधोमध एक काळा खडबडीत डाग होता, तिथेच आवरण फुगलेलं. तूप आणि गूळ ठिबकून जळल्याचा हा डाग. खाली फॉइल अंथरायची सवयही अशीच घातक, फॉइल रॉडला टेकली की तेवढा भाग वाजवीपेक्षा जास्त तापतो.

नवा रॉड घेताना लांबी आणि पिन जुळवून भागत नाही, ओहम जुळवा. सिरीजमध्ये ३४ ला ४८ चा जोडीदार दिला, तर ४८ वाला जास्त तापेल आणि एक बाजू करपेल. इथे ३५ चा मिळाला, चालतो.

वायर बदलताना साधी पीव्हीसी अजिबात नको. तिची मर्यादा ७० अंश आणि पत्र्याच्या आतलं तापमान त्याच्या वर जातं. काचधाग्याचं वेष्टन असलेली १.५ चौरस मिमीची उष्णतारोधक वायर, ६.३ मिमीचं थिंबल, पकडीने नीट दाबलेलं. सोल्डरचा डाग द्यायचा नाही, कथील मऊ पडतं आणि सांधा सुटतो.

चौथा दिवस: थर्मोस्टॅट

पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान राखणाऱ्या स्विचवर, ०.२ ओहमच्या वर काही दिसायला नको. दिसले १.२. सहा अँपियरला हे ४३ वॅट होतात, तेही बोटभर जागेत. पॉइंट करडे झाले होते. १००० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी दोन्हीच्या मधून चार वेळा ओढली, मग कोरा कागद. कानस लावू नका, वरचा चांदीचा थर निघून गेला की महिनाभरात पुन्हा तेच. मात्र पॉइंट चिकटून ओव्हन थांबतच नसेल, तर साफसफाईच्या भानगडीत पडायचं नाही, थर्मोस्टॅट बदलायचा.

नंतर मधल्या जाळीवर तापमान मोजायचा प्रोब ठेवून डायल १८० वर लावला. अर्धा तास सोडून द्यायचा, त्याआधीचे आकडे निरर्थक. पुढच्या सहा चक्रांत तापमान १५८ ते २०१ मध्ये हललं, सरासरी १८० च्या जवळ. एवढी हालचाल या धातूच्या पट्टीच्या थर्मोस्टॅटला साहजिक आहे, म्हणून डायलच्या पोकळ दांड्यातल्या, तापमान जुळवायच्या स्क्रूला हात लावला नाही.

जुलै: आरसीसीबी उडतो

पावसाळ्यात तीन आठवडे ओव्हन बंद होता. लावताक्षणी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला. रॉडच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती टोकाच्या सीलमधून ओल ओढते. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) खालच्या डाव्या रॉडने आवरणाशी फक्त १२ किलोओहम दाखवले. म्हणजे सुमारे १९ मिलिअँपियरची गळती, आणि असा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो.

इथे लोक अर्थिंगची वायर काढून मोकळे होतात. असं कदापि करू नका, गळती तशीच राहते आणि पत्रा जिवंत होतो. रॉड काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवला, थंड झाल्यावर ८ मेगाओहम. वाळवूनही आकडा चढला नाही तर आवरणाला चीर आहे असं समजून रॉड फेकायचा.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मे महिन्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. तेव्हाही मीटर फेज-अर्थमध्ये २३० दाखवतो, कारण मीटर करंटच घेत नाही. त्या आकड्यावर विसंबू नये. खड्ड्यात पाणी सोडून मिस्त्रीकडून अर्थ टेस्टरने तपासून घ्यावं. ओव्हनपुरतं बघायचं तर प्लगची जाड पिन आणि रंग खरवडलेला पत्रा यांच्यात ०.५ ओहमच्या आत हवं. इथे ०.१ आलं.

चाचणी

८० ग्रॅमचे बारा रोडगे, जाडसर गव्हाचं पीठ, डायल १९०, दोन्ही जोड्या चालू. सॉकेटवर लोडसह १९९ व्होल्ट, तापायला १७ मिनिटं, भाजायला ४२. मधोमध फोडल्यावर पापुद्रे सुटे झाले, खालचा पापुद्राही बदामी. मागच्या डाव्या कोपऱ्यातले दोन थोडे फिके, त्यामुळे २० मिनिटांनी ताटली फिरवायची.

उरलेलं काम: टायमरची घंटा वाजते, पण पाचातून एकदा पॉइंट तुटत नाहीत. तो उघडेपर्यंत ओव्हन सोडून उठायचं नाही.