मायसनच्या कपांवरची बंदरं: बघायला जाणाऱ्यांसाठी

जर्मनीच्या सहलीत ड्रेस्डेनला जाणारे बहुतेक जण राफाएलचं मॅडोना चित्र बघतात, नदीकाठी फिरतात आणि पुढच्या गाडीने प्रागला निघतात. मी तिथे गेले ती १७२० ते १७४०च्या दरम्यान जवळच्याच मायसन गावी रंगवलेले पोर्सलेनचे, म्हणजे चिनी मातीचे कप बघायला. चहाचे, कॉफीचे, चॉकलेटचे कप आणि त्यांवर रंगवलेली बंदरं. हा प्रवास कुणाला करायचा असेल तर तो कसा करावा, हे सांगण्यासाठी लिहिते आहे.

सुरुवात ड्रेस्डेनहून न करता मायसनहून करा. ड्रेस्डेनच्या मुख्य स्टेशनवरून एस-१ लोकल मिळते आणि ती पाऊण तासाच्या आत मायसनला पोचवते. किल्ला बघायचा असेल तर आल्टश्टाट, म्हणजे जुन्या गावाच्या थांब्यावर उतरा. आताच्या पोर्सलेन कारखान्यासाठी शेवटच्या ट्रीबिश्टाल थांब्यापर्यंत जा. गाव लहान आहे, दोन्हींमधलं अंतर चालत जाता येतं. किल्ल्याची चढण मात्र दगडी फरसबंदीची आहे, चांगले बूट घाला.

आल्ब्रेख्ट्सबुर्ग हा तो किल्ला. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याने १७१० साली इथे पोर्सलेनचा कारखाना थाटला, कारण बंद दरवाजे आणि उंच कडा असल्यावर पोर्सलेन बनवण्याचं गुपित बाहेर फुटत नाही. चिनी पोर्सलेनपायी तो अक्षरशः वेडा झाला होता. प्रशियाच्या राजाकडून चिनी भांडी मिळवण्यासाठी १७१७ मध्ये त्याने आपले सहाशे घोडेस्वार सैनिक देऊन टाकले. सोनं बनवून दाखवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुणाला त्याने आधीच डांबून ठेवलं होतं. चिर्नहाउस या विद्वानाबरोबर काम करता करता त्याच ब्योटगरच्या हातून युरोपातलं पहिलं खरं, टणक पांढरं पोर्सलेन तयार झालं. कारखाना १८६३ पर्यंत किल्ल्यातच होता. हा इतिहास आतल्या दालनांत नीट मांडला आहे, त्यासाठी दीड-दोन तास ठेवा.

कारखान्यातली प्रात्यक्षिकं चुकवू नका. चाकावर कप चढवणं, साच्यातले भाग जोडणं, झिलईखालचं निळं रंगकाम आणि झिलईवरचं बहुरंगी रंगकाम हे सगळं कारागीर समोर बसून करून दाखवतात. शेवटच्या टेबलापाशी जास्त वेळ थांबा. भांडं साधारण १४०० अंशांना भाजून झालं की त्याच्यावर धातूंच्या भस्मांचे रंग लावतात आणि पुन्हा कमी आचेवर भाजतात. लालसाठी लोह, हिरव्यासाठी तांबं, जांभळ्यासाठी चक्क सोनं. भट्टीत जाण्याआधी रंग वेगळाच दिसतो, म्हणजे भाजून काय दिसणार हे चित्रकाराने मनात धरूनच रंगवायचं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुसऱ्या दिवशी ड्रेस्डेनच्या संग्रहातल्या कपाटातला कप वेगळाच दिसतो.

ड्रेस्डेनचा पोर्सलेन संग्रह त्स्विंगर राजवाड्यात आहे. सोमवारी बंद असतो, हे आधी लक्षात घ्या. मोठमोठी चिनी-जपानी भांडी आणि पांढरे प्राणी माणसाला ओढून घेतात, पण आधी लहान कपांकडे वळा, डोळे ताजे असताना.

मी एका कपासमोर बराच वेळ उभी होते. बिनकानाचा, ओंजळीत मावेल एवढा. सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटीत, कडेला मोतिया-जांभळी चमक. आत धक्का, त्यावर दोरीने आवळलेले गठ्ठे, पालथं पिंप, पगडीवाला व्यापारी आणि त्याच्याशी हातवारे करत बोलणारा टोपीवाला. मागे डोलकाठ्या आणि धुरकट निळे डोंगर. माणूस नखाएवढाही नाही, पण कोण भाव पाडतोय ते कळतं. अशा कपांच्या आतही तळाशी बऱ्याचदा एक छोटं दृश्य असतं. कॉफी संपत आली की ते दिसायला लागायचं. बशी खोलगट, कारण आपल्याकडे बशीत ओतून चहा पितात तसं तिकडेही तेव्हा पीत असत.

हे बंदर नकाशावर शोधू नका. मायसन एल्बे नदीकाठी असलं तरी समुद्रापासून खूप आत आहे. चित्रकार छापील तांबेकोरीव चित्रांवरून जहाजं नि माणसं घ्यायचे आणि मनाने जुळवायचे. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या कपात जे ओतलं जाई, चीनचा चहा, अरबस्तानातली कॉफी, अमेरिकेतला कोको, ते असल्याच गठ्ठ्यांतून, असल्याच धक्क्यांवर उतरलेलं असे. पिणाऱ्याच्या हातात पेय आणि त्याचा प्रवास एकत्र येई. म्हणून जहाजांपेक्षा गठ्ठे आणि पिंपं आधी बघा.

चित्रकारांच्या नावांचा गोंधळ टाळा. रंगशाळेचा प्रमुख ह्योरोल्ट, तो १७२० मध्ये व्हिएन्नाहून आला. बंदरांसाठी गाजलेला हेरोल्ड वेगळा. तिसरं नाव हाइन्त्से. चित्रकार सहसा सही करत नसत, त्यामुळे पाटीवरचं नाव बहुतेक वेळा रंगवण्याच्या शैलीवरून ओळखलेलं असतं.

गडद रंगाचे कपडे घाला, काचेत स्वतःचं प्रतिबिंब कमी पडतं. छोटं भिंग जवळ ठेवा. फ्लॅश नको.

विकत घ्यायचं मनात असेल तर तळाची निळी, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण एवढ्यावर भरवसा ठेवू नका, तिच्या नकला अगणित आहेत. तलवारींवर आडवे ओरखडे असले तर माल दुय्यम प्रतीचा, हेही विचारून घ्या. जुन्या संचातल्या कप आणि बशीच्या तळाशी बऱ्याचदा सोनेरी आकडा असतो. तो दोन्हींवर एकच असेल तर जोडी मूळची असण्याची शक्यता चांगली.

म्युनिकला राहणाऱ्यांना एवढ्या लांब जायला जमत नसेल, तर शहराबाहेर श्लाइसहाइमच्या बागेच्या टोकाला लुस्टहाइम नावाचा लहान महाल आहे. तिथे फक्त मायसनचं पोर्सलेन, दोन हजारांच्या वर वस्तू. गर्दी कमी, त्यामुळे एकेका कपासमोर हवं तेवढं उभं राहता येतं. तोही सोमवारी बंद असतो.