तुम्ही विचारलंत म्हणून : निळूभाऊंसारखा खलनायक कसा करायचा?

एकांकिकेत किंवा मालिकेत पाटील-सरपंचाची भूमिका मिळाली की नव्या नटांचा प्रश्न ठरलेला असतो : "निळूभाऊंसारखं करायचंय, कसं करू?" आणि उत्तराची वाट न बघता घसा खरवडून 'बाई, वाड्यावर या' करून दाखवतात. अहो, ही मिमिक्रीवाल्यांची नक्कल झाली. निळू फुल्यांचं काम बघायचं तर सिनेमे काढून बसावं लागेल.

निळूभाऊ आले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून. १९६८ साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा केला आणि पडद्यावर त्यांचं बस्तान बसलं. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, बतावणी (हजरजबाबी विनोदी संवाद) करणाऱ्याला समोरच्याचं वाक्य नीट ऐकावंच लागतं, कारण आपलं पुढचं वाक्य बऱ्याचदा त्यातूनच निघतं. त्यांच्या खलनायकीचं मूळ मला तिथे दिसतं. समोरचा बोलत असताना त्यांच्या मनात काहीतरी शिजत असतं आणि ते आपल्याला दिसतं.

जब्बार पटेलांचा 'सामना' घ्या. पटकथा विजय तेंडुलकरांची, १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट एका दारुड्या मास्तराला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला पसारा हौसेनं दाखवतो. निळूभाऊ तिथे मनापासून यजमान करतात. श्रीराम लागूंचा मास्तर 'मारुती कांबळेचं काय झालं?' विचारत राहतो, तसा त्या पाहुणचाराला तडा जायला लागतो. भीती वाटते ती त्या तड्याची. 'सारांश'मधला (१९८४) पुढारी गजानन चित्रे मात्र म्हाताऱ्या जोडप्याला सरळ धमकावतो, त्याला पाहुणचाराची गरजच नाही. आणि 'सिंहासन'मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस? आवाज तोच, पण खलनायकीचा मागमूस नाही. तेव्हा आधी आवाजाचा नाद सोडा. घसा घासून बोललात तर पाच-सहा टेकमध्ये आवाज बसतो आणि क्लोजच्या, म्हणजे चेहरा जवळून घेतात त्या शॉटच्या वेळी नेमकं काही उरत नाही. आवाज लहान करा, पण श्वास पोटातून घ्या आणि शब्दाचं शेवटचं अक्षर खाऊ नका. नुसतं कुजबुजलात तर माइकवर तुमच्या शब्दांपेक्षा सदऱ्याची खसखस जास्त येते.

आता एक वाक्य घेऊ. धमकी द्यायची आहे, पण शब्द असे : "काय मास्तर, थोरलीचं लगीन ठरलं म्हणं? बरं झालं. येतो की आम्ही." हातात अडकित्ता आणि सुपारी. पहिलं वाक्य सुपारीकडे बघत, खरोखर चौकशी करतोय असं म्हणा. 'बरं झालं' झाल्यावर थांबा, सुपारी कातरा, मग 'येतो की आम्ही'. मास्तराकडे बघायचं ते वाक्य संपल्यावर, आणि पापणी न हलवता. बहुतेक जण उलटं करतात : आधीच डोळे वटारतात, 'येतो'वर जोर देतात आणि भुवई उडवतात. मग प्रेक्षकाला ओळखायला काही उरतच नाही.

अडकित्त्याचा खटका शब्दावर पडला की साउंडवाला टेक फेकायला लावतो. खटका दोन वाक्यांच्या मधल्या पॉझमध्येच हवा, म्हणजे संकलकालाही तिथे कापता येतं. सुपाऱ्या मूठभर जास्तीच्या मागून ठेवा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग सलग घेतात त्या वाइड शॉटमध्ये, कितव्या शब्दाला किती कातरली होती ते सहायकाला लिहून ठेवायला सांगा, नाहीतर वाइडमध्ये अर्धी असलेली सुपारी क्लोजमध्ये अख्खी होते. विडी-सिगारेटचं दुखणं याहून वाईट, ती दर टेकला लांडी होत जाते. नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

यातलं निम्मं काम तुमचं नाहीच. तुम्ही आत आल्यावर गडी कसा उभा राहतो, बायको पदर सावरत कुठल्या दारानं आत जाते, मुनीम वही का मिटतो, यावर तुमची दहशत ठरते. दिग्दर्शकाकडे तालमीला अर्धा तास मागा आणि तो या मंडळींवर खर्च करा. खुर्चीवर तुम्ही जितके सैलावून बसाल तितकी बाकीची खोली आवळली पाहिजे.

हाणामारीचं थोडक्यात. थोबाडीत मारताना कॅमेरा एकाच्या पाठीमागे असतो. हात गालापासून वीतभर लांबून जातो आणि आवाज नंतर भरतात. मान वळवायची मार खाणाऱ्यानं, हात नाकासमोर आल्यावर. आधीच वळली तर चोरी पकडली जाते. केस ओढताना तुमची मूठ नटीच्या डोक्यावर नुसती टेकलेली असते. ती दोन्ही हातांनी तुमचं मनगट धरून स्वतःच्या डोक्याकडे दाबते आणि पुढे कुठे, किती वेगानं जायचं ते तीच ठरवते. तुम्ही फक्त ओढल्यासारखं दिसायचं. तिनं मनगट सोडलं की त्याच क्षणी मूठ उघडायची, ही खूण तालमीत पक्की करा. 'बघू सेटवर' असं कोणी म्हणालं तर शॉट देऊ नका.