राजहंसाचं पीस आणि पाच ओळी

मध्ययुगीन युरोपातली हस्तलिखितं मी आजवर काचेआडूनच पाहिली होती. यंदा तसं लिहून बघायला शाई घरीच केली: माजूफळं कुटून भिजवली, गाळली, त्यात हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक. (बोटं चार दिवस काळी!) ही शाई आधी फिकट उमटते आणि हवा लागून हळूहळू काळी होते. ते बघण्यातच माझा अर्धा तास गेला.

लेखणीसाठीचं पीस मात्र छळतं. गरम वाळूत खुपसून कडक केलं, तरी टोकाचा काप तीनदा फसला. चौथ्या लेखणीने गॉथिक वळणाच्या, म्हणजे तेव्हाच्या दाट, टोकदार अक्षरांच्या, पाच ओळी झाल्या. 'मिनिमम' (minimum) लिहिताना नुसत्या उभ्या रेघा. एम कुठे संपला, आय कुठे सुरू झाला, मलाच कळेना. तेव्हाचे लेखनिक आयवर बारीक तिरकी रेघ का देऊ लागले, ते तिथे उमगलं.