चार थ्रेड, एक पडदा : नोंद तिसरी

औशाजवळच्या मामाच्या शेतातला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) अजून जिवंत आहे. त्यावरच्या माझ्या पायथन प्रोग्रॅमात चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी चार कामं, चालतात : मोटर, टाकीची पातळी, थ्री-फेज वीज आली का, आणि पाऊस. चौघंही प्रिंट (पडद्यावर मजकूर लिहायची आज्ञा) करत सुटतात आणि पडद्यावर 'मोटर चालूपातळी 40' असलं काहीतरी उमटतं, खाली एक रिकामी ओळ. प्रिंट मजकूर एकदा लिहितं आणि ओळ तोडायचं चिन्ह वेगळं लिहितं. तेवढ्या फटीत दुसरा थ्रेड घुसतो.

पायथनचं नोंदी लिहायचं तयार साधन, लॉगिंग मॉड्यूल, वापर म्हणाल. त्यात लॉक असतं (एका वेळी एकच थ्रेड लिहू शकतो), ओळी फुटत नाहीत, मान्य. पण जुन्या कोडात प्रिंटच प्रिंट आहेत आणि मला प्रत्येक थ्रेडची वेगळी फाइल हवी होती.

आधी पायथन 3.4 पासून असलेलं रीडायरेक्ट-एसटीडीआउट (प्रिंटचा मजकूर पडद्याऐवजी फाइलीत वळवणारं साधन) मोटरच्या थ्रेडमध्ये लावलं. मोटरच्या फाइलीत पाऊसही आला! एसटीडीआउट, म्हणजे प्रिंट जिथे लिहितं ती जागा, अख्ख्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) एकच, थ्रेडवार नाही. मग पातळीच्या थ्रेडलाही तेच लावलं, तर आणखी मजा. मोटरने मूळ एसटीडीआउट जपून ठेवलं, पातळीने मोटरची फाइल. सुटताना जो तो आपण जपलेलं परत बसवतो. मोटर आधी सुटली, पातळी नंतर, आणि पातळीने जाताना मोटरची बंद झालेली फाइल परत जागेवर बसवली. त्यानंतर ज्याने प्रिंट केलं तो 'बंद फाइलवर लिहिता येत नाही' म्हणत आडवा.

आता सुरुवातीलाच एकदा स्वतःचा ऑब्जेक्ट एसटीडीआउटच्या जागी बसवतो, पुन्हा हात लावत नाही. त्यात राइट (लिही) आणि फ्लश (साठलेलं लगेच बाहेर ढकल) एवढंच. राइट थ्रेडिंग-लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडचा खाजगी कप्पा) तुकडे साठवतं, ओळ पुरी झाली की थ्रेडचं नाव लावून क्यूमध्ये (रांगेत) टाकतं. पुढे एकच थ्रेड ज्याच्या त्याच्या फाइलीत लिहितो. मुख्य थ्रेडमध्ये भरलेलं थ्रेडिंग-लोकल नव्या थ्रेडला रिकामंच दिसतं, यात माझी एक संध्याकाळ गेली. थ्रेड संपताना उरलेली अर्धी ओळही आठवणीने ढकलावी लागते.

पाऊस मोजणारी सी-लायब्ररी (सी भाषेतला तयार कोड) मात्र थेट डिस्क्रिप्टर 1 वर (ऑपरेटिंग सिस्टिमकडचा एसटीडीआउटचा क्रमांक) लिहिते, माझ्या ऑब्जेक्टला विचारतही नाही. म्हणून खरा पडदा डूपने (डिस्क्रिप्टरची प्रत काढून) बाजूला ठेवला, डूप-टूने 1 वर पाइप (एका टोकाने लिहा, दुसऱ्याने वाचा अशी मजकुराची नळी) बसवला आणि वाचणारा थ्रेड 'उद्या लिहू' म्हणून झोपलो. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतं. भरला की लिहिणारा तिथेच उभा. रात्री थ्री-फेज आली, पाऊसवाला अडकला, आणि मोटर त्याच्याच निरोपाची वाट बघत बसली. पहाटे मामाचा फोन : "कामून बंद हाय रे मोटर? टाकी कोरडी ठण्ण!"

वाचणारा थ्रेड आता आहे. पाइपमधली ओळ कोणत्या थ्रेडची ते मात्र कळत नाही. सगळ्या 'पाऊस'च्या नावावर टाकतो, दुसरं कोणी तिकडे लिहीत नाही म्हणून चालतंय. शिवाय समोर पडदा नसून पाइप आहे म्हटल्यावर सी-लायब्ररी साठवून साठवून लिहिते, त्यामुळे तिच्या ओळी उशिरा, गठ्ठ्याने येतात. या रविवारी पाइपऐवजी स्यूडो-टर्मिनल (प्रोग्रॅमला खराच पडदा वाटावा असं सोंग) लावून बघतो. मामाला सांगून.