तारीख एकच, तरी नाणी वेगळी

अमेरिकेची पाच डॉलरची दोन सोन्याची नाणी. दोन्हींवर १८०६ आहे, दोन्हींवर टोपी घातलेली तीच लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, मागे तोच गरुड. मग संग्राहकांच्या यादीत दोघांना वेगळे क्रमांक कशाला? जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९५ पासून सोन्याची नाणी पडू लागली. तेव्हाचा ठसा, म्हणजे डाय, बराचसा हातकाम असे. मधलं मुख्य चित्र पंचने उमटवायचं आणि तारे, अक्षरं, तारखेचे आकडे एकेक करून हातोडीने ठोकायचे. त्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे निघणं शक्यच नव्हतं. चुकाही व्हायच्या. १७९५ च्या पाच डॉलरच्या एका ठशावर ‘स्टेट्स’मधल्या शेवटच्या ‘एस’च्या जागी ‘डी’ ठोकला गेला, मग त्याच्याच डोक्यावर ‘एस’ मारला. शिवाय ठसा फुकट घालवायची सोय नव्हती. १८०१ ची पाच डॉलरची नाणी नाहीतच, पण त्या वर्षासाठी कोरलेले ठसे होते. १८०२ च्या सगळ्या नाण्यांवर २ च्या खाली १ डोकावतो तो त्यामुळे. पुढच्या किंवा मागच्या बाजूचा ठसा तडकला की त्याचा जोडीदार नव्या ठशाबरोबर चालवायचे. अशा प्रत्येक जोडीला एक क्रमांक. सध्या ‘बीडी’ क्रमांक चालतात. हॅरी बास आणि जॉन डॅनरॉयथर यांच्या आडनावांवरून.

आता तुमचं १८०६. आधी ६ चं वरचं टोक बघा: गाठीसारखं गोल की निमुळतं? मग तारे मोजा. गाठीच्या ६ बरोबर डावीकडे ७, उजवीकडे ६. टोकदार ६ बरोबर ८ आणि ५. गाठवाला जास्त सापडतो. टोकदारमध्ये पुढच्या पोटजाती, म्हणजे ठशांच्या वेगवेगळ्या जोड्या, आहेत आणि खरी मेहनत तिथे. नाणं सरळ वरून टिपलेला फोटो पडद्यावर वीतभर मोठा करा. पुढच्या बाजूला पहिला तारा केसांच्या बटेपासून किती लांब आहे, शेवटचा आकडा छातीच्या किती जवळ आहे, ते बघा. मागच्या बाजूला गरुडाच्या डोक्याभोवतीचे तारे आणि चोच, पंखांची टोकं आणि त्यावरची अक्षरं. अंतरं आणि कोनच धरा. अक्षरांची जाडी किंवा बारीक रेषा धरू नका, कारण ठसा झिजतो, मध्येच घासून गुळगुळीतही केला जातो. रेषा जातात, अंतरं तीच राहतात. नवखे लोक नेमके इथेच फसतात.

दुसरी फसगत ओरखड्यांची. नाण्यावर उठलेली बारीक रेघ म्हणजे ठशाची तडक, तो दोष नव्हे. उलट ओळखायला मदतच. खोल गेलेल्या समांतर रेघा बहुधा कानशीच्या असतात. चकती जड भरली तर छापण्याआधी कानशीने घासून वजनात आणायचे. एकटी, वेडीवाकडी, चमकती खोल रेघ मात्र ओरखडाच.

वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर घ्या. पाच डॉलरचं जुनं नाणं ८.७५ ग्रॅम, सोनं २२ कॅरट. १८३४ मध्ये कायद्याने वजन ८.३६ वर आणलं. त्या एका वर्षाची दोन्ही वजनाची नाणी आहेत: गरुडाच्या वरच्या बाजूला लॅटिन ब्रीदवाक्य असेल तर जुनं, नसेल तर नवं. जुन्यात सोनं जास्त, म्हणून ती ढिगाने वितळली. १८२२ ची १७,७९६ पाडल्याची नोंद आहे. माहीत आहेत फक्त तीन, त्यातली दोन अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात.

नाणं गळ्यात घालायची हौस आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखी तिकडेही होती. कड हळूहळू फिरवून बघा, विशेषतः डोक्याच्या वर. अडकवायच्या कडीचा डाक काढून घासलेली जागा सपाट दिसते, रंगही वेगळा मारतो. अशा नाण्याची पोटजात कितीही दुर्मिळ असो, घेऊ नये.

आणि पैशांचं विचाराल तर, क्रमांकासाठी जादा मोजू नका. दुर्मिळतेच्या श्रेणीत आर-६ म्हणजे १३ ते ३० नाणी शिल्लक, पण ती जोडी मागणारे गिऱ्हाईक त्याहून कमी असतात. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या फरकालाच भाव येतो. १७९५ च्या दहा डॉलरवर गरुडाच्या पायाखालच्या फांदीला बहुतेक ठिकाणी १३ पानं, एका जोडीत ९. त्या ९ पानांना लोक खुशाल मोठी रक्कम देतात. बाकीच्यांत पृष्ठभाग चांगला बघावा. नाणं तपासून देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद डबीच्या लेबलवर बीडी क्रमांक असला तरी स्वतः ताडून बघा. जुन्या सीलबंद डब्यांवर तो बहुधा नसतोच, आणि आर-५ सारखं दुर्मिळ नाणं साध्याच्या भावात मिळायची शक्यता असते ती तिथेच.