ओटा कोणत्या दगडाचा आहे, हे आधी ओळखावे

मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि सिंकच्या कडेने ओट्यावर पांढरा थर हळूहळू घट्ट बसतो. हा थर काढण्यासाठी बाथरूमचे ॲसिड थेट ओट्यावर ओतण्याची पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे आणि ती मला फार खटकते, कारण हा क्षार मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि कडप्पा, शहाबादी व संगमरवर हे दगडही मुख्यतः त्याच द्रव्याचे असतात. जे क्षाराला विरघळवते, ते ओट्यालाही खाते.

म्हणून सफाईआधी दगड ओळखणे आवश्यक आहे. शहाबादी फरशी राखाडी किंवा पिवळसर असते. ज्या शहाबादवरून तिला हे नाव पडले, ते कलबुर्गी जिल्ह्यातील गाव १९४८ पर्यंत मराठवाड्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. खरी गल्लत होते ती काळ्या ओट्यांबाबत. ग्रॅनाइटमध्ये निरखून पाहिल्यास स्फटिकांचे बारीक, चमकणारे कण दिसतात. आंध्रातून येणारा कडप्पा मात्र एकसारखा काळा असतो आणि सुरीच्या टोकाने त्यावर सहज पांढरी रेघ उमटते. तरीही शंका राहिली, तर शेगडीमागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब पाच मिनिटे ठेवून पुसावा. बुडबुडे आले किंवा तेथील चकाकी गेली, तर तो चुनखडीच्या जातीचा दगड समजावा आणि त्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंच यांपैकी काहीही लावू नये. अशा ओट्यावरील क्षार ओल्या फडक्याखाली भिजवून लाकडी उलथन्याने हळूहळू खरवडावा. ग्रॅनाइटवर पाणी घालून सौम्य केलेले व्हिनेगर थोडा वेळ चालते; नंतर तो भाग स्वच्छ धुवावा.

तेलाचे डाग वेगळ्या प्रकारचे असतात. आपल्याकडे वापरले जाणारे करडईचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, त्यामुळे शेगडीभोवती चिकट, पिवळसर पापुद्रा तयार होतो. तो भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने निघतो. दगडात मुरलेल्या तेलावर मात्र खाण्याचा सोडा पाण्यात भज्याच्या पिठाइतका घट्ट कालवून त्याचा जाड लेप द्यावा, प्लास्टिकने झाकून २४ तास ठेवावा, मग उघडा वाळू देऊन काढावा. तेल लेपात ओढले जाते. जुन्या डागाला हेच पुन्हा करावे लागते.

हळदीच्या डागाला साबण किंवा सोडा लागताच तो लाल होतो, त्याने घाबरून जाऊ नये. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे खिडकीजवळच्या ओट्यावरील डाग बहुधा आपोआप फिकट होतो. फिकट रंगाच्या दगडावर औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावता येते. ब्लीच आणि ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

क्वार्ट्झच्या ओट्यावर डाग सहसा मुरत नाहीत. परंतु त्यात राळ असल्यामुळे गरम तवा किंवा कुकर थेट ठेवल्यास कायमचा चट्टा पडतो.

कडप्प्यावर आंबटाने आलेला पांढुरका ठसा हा डाग नसून दगडाची झीज असते, त्यामुळे तो घासून जात नाही. खोबरेल तेलाचा हात फिरवल्यास तो काही दिवस झाकला जातो. मूळ चकाकी हवी असेल, तर फरशी पॉलिश करणाऱ्या कारागिरालाच बोलवावे.