पावसाची वही आता फ्लटर ३.३५ वर: तीन आठवड्यांची नोंद

काल सकाळी ८:३० ला आप्पांनी ४७.२ मिमी अशी नोंद टाकली. पावसाची वही या आमच्या ॲपच्या नव्या बांधणीतली ही पहिली नोंद.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाव पाटण तालुक्यात, अंगणात पर्जन्यमापक, आणि आप्पांची बरीच वर्षं चाललेली वही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला सुरू होतो, म्हणून आप्पाही तीच वेळ पाळतात. त्या वहीचं ॲप मी २०२२ पासून फ्लटरमध्ये, म्हणजे गूगलच्या ॲप बनवायच्या साधनसंचात, लिहितोय. आप्पांकडे आणि आईकडे अँड्रॉइड, ताई बंगळुरूला ब्राउझरमध्ये बघते, आणि मी पुण्यात लिनक्सवर. एकाच कोडमधून हे सगळं निघतं, म्हणून तर फ्लटर धरलं.

ॲप फ्लटर ३.२४ वर अडकून पडलं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ३.३५ आलं, तेव्हा मधल्या ३.२७, ३.२९ आणि ३.३२ या पायऱ्या एका दमात चढायचं ठरवलं. वेगळी ब्रँच (कोडची वेगळी प्रत) काढली आणि कामाला लागलो.

पहिले तीन दिवस ग्रेडलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप बांधणाऱ्या साधनात, गेले. प्रोजेक्ट २०२२ च्या साच्यातलं आहे, त्यात फ्लटरचं ग्रेडल प्लगिन जुन्या पद्धतीने जोडलेलं होतं आणि ३.२९ पासून ती पद्धत बंद झाली आहे. तुमचंही प्रोजेक्ट तेवढं जुनं असेल तर एक सुचवतो: रिकामं नवं प्रोजेक्ट तयार करा, त्यातल्या अँड्रॉइड फोल्डरमधल्या फाइली शेजारी उघडा आणि आपल्या फाइली ओळ न ओळ जुळवून घ्या. मी आधी तुकड्यातुकड्यांनी दुरुस्ती करत बसलो, त्यात वेळ गेला.

मग फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी नीट करणारं साधन. फ्लटरची भाषा डार्ट, तिच्या ३.७ पासून त्याची शैली बदलली आहे. शेवटचा स्वल्पविराम कुठे द्यायचा, कुठे काढायचा हे आता तोच ठरवतो. पबस्पेकमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) भाषेची आवृत्ती वाढवली आणि जवळजवळ प्रत्येक फाइल बदललेली दिसायला लागली. हे वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) टाका, नाहीतर खरा बदल कुठला आणि मांडणीचा कुठला हे पुढे कळणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं केलं तो आलेख. जून ते सप्टेंबरचे खांब खालून वर येतात, कस्टमपेंटरने (फ्लटरच्या चित्र काढायच्या सोयीने) मी स्वतः काढलेले. आप्पा ॲप उघडून पहिल्यांदा आलेखावर गेले की खांब अर्ध्यात अडकायचे. दुसऱ्यांदा गेले की सुरळीत. कारण ठाऊक होतं: पडद्यावर चित्र काढणारं जुनं स्किया इंजिन एखाद्या आकारासाठी लागणारा शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) तो आकार पहिल्यांदा काढायची वेळ आली की तिथल्या तिथे कंपाइल करायचं. साठ फ्रेमच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, त्यात हे काम बसत नाही. त्याच्या जागी आलेल्या इम्पेलर इंजिनमध्ये मोजकेच, साधे शेडर असतात आणि ते इंजिन बांधतानाच तयार होतात. आयफोनवर इम्पेलर ३.१० पासून, म्हणजे २०२३ पासून आपोआप चालू आहे. अँड्रॉइडवर ते ३.२७ पासून आपोआप चालू झालं, तेही अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनवर.

आप्पांचा फोन केबलने जोडून ॲप प्रोफाइल मोडमध्ये (वेग मोजायच्या मोडमध्ये) चालवलं. कन्सोलवर इम्पेलर व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीवर चालू असल्याची ओळ आली. डेव्हटूल्समध्ये (फ्लटरच्या तपासणीच्या साधनात) फ्रेमच्या पट्ट्यांत पूर्वी पहिल्या उघडण्याला गडद लाल पट्ट्या यायच्या, शेडर कंपाइल होत असल्याची ती खूण. त्या गेल्या! साध्या लाल, म्हणजे उशीर झालेल्या फ्रेमच्या, दोन मात्र राहिल्या. त्या शोधल्या तर चूक माझीच निघाली. महिन्यांच्या बेरजा मी बिल्डमध्ये (पडदा पुन्हा काढताना दर वेळी चालणाऱ्या कोडमध्ये) करत होतो, म्हणजे आलेख हलत असताना दर फ्रेमला सगळ्या वर्षांची बेरीज पुन्हा. ती सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या इनिटस्टेटमध्ये नेली आणि पट्ट्या निळ्या झाल्या. इतके दिवस सगळा दोष स्कियावर ढकलून मी आपल्या कोडकडे पाहिलंच नव्हतं.

आईचा फोन अँड्रॉइड ९ वर आहे. तिथे जुनंच इंजिन चालतं आणि पहिला अडखळा तसाच आहे. तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद केलं, आणि ॲप आता मीडियाक्वेरीला विचारून ती निवड पाळतं. खांब सरळ उभे दिसतात. तिला तेच आवडलं.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते वेबने, आणि मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग नीट वाचावा असं मला वाटतं. मी वेबची बांधणी एचटीएमएल रेंडररने (ब्राउझरमध्ये पडदा रंगवणाऱ्या भागाने) करत होतो. ३.२९ ने तो काढून टाकला. आता कॅनव्हासकिट हा रेंडरर, किंवा वेबअसेंब्लीची (ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या कोडची) बांधणी केली तर स्कवाझम. नव्या बांधणीची लिंक ताईला पाठवली. तिचा फोन आला, "अरे, सगळे चौकोनच दिसतायत. आकडे तेवढे वाचता येतात." माझ्या लॅपटॉपवर मात्र चौकोन क्षणभरच दिसून मराठी उमटत होती.

झालं असं की एचटीएमएल रेंडरर ब्राउझरमधले, म्हणजे संगणकावरचे फॉन्ट वापरायचा. कॅनव्हासकिट स्वतः अक्षरं रंगवतं, त्याला संगणकावरचे फॉन्ट मिळत नाहीत. देवनागरी अक्षर दिसलं आणि जवळ फॉन्ट नसला की ते नेटवरून नोटो सान्स देवनागरी मागवतं. तो येईपर्यंत चौकोन. ताईच्या ऑफिसच्या नेटवर्कवर बाहेरून फॉन्ट घ्यायला बंदी, त्यामुळे तिच्याकडे चौकोन कायमचेच.

उपाय म्हणजे फॉन्ट ॲपसोबतच द्यायचा. मी ‘मुक्त’ (Mukta) नावाचा घेतला. मुंबईच्या एक टाइपचा, खुल्या परवान्याचा, आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्पष्ट राहतात. त्याची सात वजनं आहेत, मी फक्त रेग्युलर आणि बोल्ड घेतली, कारण प्रत्येक फाइल पहिल्या लोडमध्ये भर घालते. थीममध्ये फॉन्टचं नाव टाकलं, लिंक पुन्हा पाठवली. ताई म्हणाली, "आलं सगळं. आलेखाखाली अजून चौकोन आहेत बघ."

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. ही चार नावं मी टेक्स्टपेंटरने, म्हणजे आलेखावर थेट रंगवून, काढतो, आणि टेक्स्टपेंटर थीममधला फॉन्ट उचलत नाही, त्याला तो हाताने द्यावा लागतो. माझ्या लॅपटॉपवर नोटो उतरत असल्याने हे मला कधीच दिसलं नसतं. आता वेबची तपासणी मी बाहेरचे फॉन्ट ब्लॉक करूनच करतो.

३.३५ चं मला सर्वात आवडलेलं म्हणजे वेबवरचं हॉट रिलोड, म्हणजे ॲप चालू असतानाच कोडमधला बदल दिसणं. ३.३२ मध्ये ते प्रायोगिक होतं, वेगळा फ्लॅग द्यावा लागायचा. आता आपोआप चालू. पूर्वी ब्राउझरमध्ये एक रंग बदलला तरी ॲप पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि भरलेला फॉर्म पुसला जायचा. नोंदीच्या फॉर्ममध्ये तारीख, मिलिमीटर, वारा आणि शेरा असे चार रकाने आहेत. शेऱ्याची चौकट नीट बसवताना ते चार रकाने मी किती वेळा भरले असतील! आता टर्मिनलमध्ये आर दाबलं की चौकट बदलते, आत लिहिलेलं तसंच राहतं. मेन किंवा इनिटस्टेटमधला बदल मात्र यात पुन्हा चालत नाही, तिथे रिस्टार्टच.

विजेट (पडद्यावरचा एक घटक) वेगळं बघायची सोय, विजेट प्रिव्ह्यू, ३.३५ मध्ये प्रायोगिक आहे, तरी वापरून बघा. विजेट परत करणाऱ्या फंक्शनवर प्रिव्ह्यूची खूण लावायची, कमांड दिली की क्रोममध्ये ते विजेट एकटं दिसतं. मजकुराचा आकारही देता येतो. आप्पा फोनवर अक्षरं खूप मोठी ठेवतात, म्हणून नोंदीचं कार्ड एकदा साध्या आकारात आणि एकदा १.६ पट आकारात शेजारी लावलं. दुसऱ्यात लगेच काळेपिवळे पट्टे. '१३२.४ मिमी' आणि त्याशेजारी 'अतिमुसळधार' (हवामान खात्याची ती पायरी ११५.६ मिमीपासून सुरू होते) एका ओळीत मावत नव्हतं. आप्पांना तो शब्द नेहमी कापलेला दिसत असणार, ते कधी बोलले नाहीत. एकाच ओळीत मांडणाऱ्या रोच्या जागी ओळ मोडू शकणारं रॅप घातलं, शब्द खालच्या ओळीत आला. प्रिव्ह्यू वेबवरच चालतं, त्यामुळे फोनच्या प्लगिनला हात लावणारं विजेट त्यात दिसणार नाही. डेटाबेसची हाक कार्डाबाहेर काढावी लागली, आणि ते बरंच झालं.

किरकोळ: रो आणि कॉलमला ३.२७ पासून स्पेसिंग (घटकांमधलं अंतर) मिळालंय. रॅपला ते आधीपासून होतं. अंतरासाठी मधे घुसवलेले ४१ साइझ्डबॉक्स काढले, कोड वाचायला फार सुखाचा झाला. रंगाची पारदर्शकता ठरवणारं विथओपॅसिटी आता जुनं ठरलंय, त्याजागी विथव्हॅल्यूज. रंगाचे घटक आता ० ते २५५ ऐवजी दशांशात साठवतात, जास्त रंग दाखवणाऱ्या पडद्यांसाठी. डार्ट फोनच्या मुख्य थ्रेडवरच चालायला लागलंय, माझ्या ॲपला त्याचा फरक जाणवला नाही.

एक काम राहिलंय. आप्पा मराठी कीबोर्डवरून '१२.५' लिहितात आणि डबल.ट्रायपार्स (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं, त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. सध्या मी अंक एकेक बदलून घेतोय. इंटल पॅकेजचा नंबरफॉरमॅट मराठी लोकेलने (भाषेच्या सेटिंगने) ते अंक वाचतो, पण मग आईने इंग्रजी अंकांत लिहिलेलंही त्याच रकान्यात चालायला हवं. दोन्ही एकत्र स्वीकारणारा इनपुटफॉरमॅटर (लिहितानाच मजकूर तपासून बदलणारा भाग) कुणी लिहिला असेल तर दाखवा. नवरात्रापर्यंत हे बसवायचंय, परतीच्या पावसाच्या नोंदी तेव्हाच सुरू होतील.